चोर कोण होणार?

"एकदा निवडलं की बदलायचं नाही! सुट्टी संपेपर्यंत नाही, रडलात तरी नाही!" निकितानं बजावलं.

निकिता दिवाळीच्या सुट्टीत चारठाण्याला आजोळी आली होती. येताना तिनं एक नवाच खेळ आणला होता. खेळात पट नव्हता, सोंगट्याही नव्हत्या. निकिता गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून जगायचं किंवा मरायचं! मोहीम रोज दुपारी पुढे सरकणार. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. त्याच्या उतारावर चौघं फतकल मारून बसले होते.

"मी योद्धा!" निकिताचा मामेभाऊ बजरंग ओरडला. घर त्याचं, म्हणून पहिला मानही त्याचाच.

"मी जादूगार," सुकेशनी म्हणाली. ती बजरंगच्याच वर्गात होती, सातवीत.

"न्हाई! जादूगार जीवन होणार," बजरंगनं परस्पर ठरवून टाकलं. शेजारच्या घरातल्या जीवननं मान डोलावली. "तू वैद्य हो. आमी लढतो, तू पट्ट्या बांध."

"सगळी सुट्टी तुझ्या मागं पट्ट्या घेऊन फिरू? मी न्हाई!"

"मग उरला चोर!"

"चोर वाईट नसतो हं," निकिता म्हणाली. "तो सगळ्यांच्या पुढे जातो, सापळे शोधतो, कुलपं उघडतो. नजर मात्र बारीक लागते. आणि बहुतेक वेळा पहिला मरतो तोच."

सुकेशनीनं क्षणभर विचार केला. "चालतंय. मी चोर."

"सुकेशनी चोर! सुकेशनी चोर!" बजरंग टाळ्या पिटत नाचला. पहिल्याच गुहेत तिचं पात्र खड्ड्याच्या काठाला लोंबकळलं, तर या पठ्ठ्यानं दोर द्यायलाही नकार दिला. "पडू दे! चोर गेला तर गेला!"

सुकेशनीनं ओठ आवळून फासा फेकला. तो उसळून ढिगावरून पलीकडच्या कोपऱ्यात गेला. ती सरपटत तिथं पोचली आणि तिनं कापसात हात घातला.

"अगं, इथला कापूस वला हाय!"

"छत गळत असंल," बजरंग म्हणाला.

"पाऊस कुठं हाय पण?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात परमेश्वरकाका उभे होते, बजरंगचे चुलते. "माझी अंगठी कुठं हाय? पोवळ्याची, सोन्याची! खिडकीत ठिवून आंघोळीला गेलो होतो! आन् आत्ता चोर चोर कोण वरडत होतं? कोण चोर?"

बजरंगनं खिदळत सुकेशनीकडे बोट केलं.

"मामा, ते खेळातलं आहे!" निकिता ओरडली. पण काकांनी सुकेशनीचा दंड धरून तिला अंगणात ओढलंसुद्धा!

काकांच्या बायकोनं, मनिषाकाकूंनी, सुकेशनीची पिशवी जमिनीवर पालथी केली. फ्रॉकचे खिसे उलटे केले, वेण्या सोडून केसांत बोटं फिरवली. कुंपणावरून शेजारणी बघत होत्या. बजरंगचे आजोबा, सटवाजीआबा, ओसरीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला, बघितलं आणि पुन्हा वर धरला. बजरंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

काहीच सापडलं नाही.

"गिळली असंल!" काका फाटकात जाऊन गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "चोर हाय ही, चोर! कुणी घरात घेऊ नका हिला!"

सुकेशनी मोकळ्या केसांनी घरी गेली. तिच्या आधी बातमी पोचली होती. तिचे वडील सिद्धोधन शाळेत मास्तर होते. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि हळूच विचारलं, "घेतलीस का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"खरं सांग. घेतलीस का?"

अंगणात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता मात्र तिला हुंदका आवरेना.

सकाळी निकिता आणि जीवन तिच्याकडे आले. सुकेशनीचे डोळे सुजले होते, पण पहिला प्रश्न तिनंच विचारला. "छत बघितलंस का?"

"बघितलं. खडखडीत कोरडं! पण त्या कोपऱ्यातल्या खिडकीखाली पाण्याची नळी पडलीय."

जीवन उडालाच. "काकांनी पाणी मारलंय! कापूस तेच विकतात. वला कापूस वजनाला जास्ती भरतो. आबांना कळलं तर काकांची धडगत न्हाई!"

"आन् वल्या हातातून अंगठी सटकती," सुकेशनी सावकाश म्हणाली. "कापसात पडली म्हणाले तर आबा विचारतील, तिथं काय करायलास? म्हणून खिडकीत ठिवली म्हणाले. आन् आबा घरात असताना ढीग उपसता बी येईना."

"आणि तुला चोर केलं!" निकिता उठली. "चल, आत्ता शोधू!"

"नको! आपण काढली तर म्हणतील, हिनंच लपवली होती. काकांनाच काढू द्या."

मग तिघांनी डोकी एकत्र केली. निकितानं बजरंगला गाठलं. "आबांना मागच्या खोलीपाशी आण. नाही आणलंस तर तुझा योद्धा आज मेला! पुन्हा खेळायचं नाही!"

बजरंग मुकाट्यानं गेला. त्याला काळजी होती ती योद्ध्याची, सुकेशनीची नव्हे.

काका जेवायला बसले होते. जीवन धापा टाकत आत घुसला. "काका! जिंतूरच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला! कापूस भरायलेत!"

"आजच?" हातातली भाकरी टाकून काका धावत सुटले. टेम्पो कुठं आहे, हेही त्यांनी बघितलं नाही. थेट ढिगावर चढून ते त्याच कोपऱ्यात कोपरापर्यंत हात खुपसून उपसू लागले. कापूस चौफेर उडाला. नाकातोंडात गेला. आणि अखेर, "घावली!"

ते वळले. दारात आबा उभे होते. मागे मनिषाकाकू, निकिता, बजरंग.

आबांनी मूठभर कापूस उचलून पिळला. बोटं ओली झाली. "ही अंगठी पोरीनं गिळली होती न्हवं?"

आबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. बजरंगला हसू आलं, पण ते त्यानं कसंबसं दाबलं.

सुकेशनी फाटकाबाहेरच थांबली होती. आबांनी तिला आत बोलावलं. "शाबास! पोरांनो, तुमी आमच्या घराची इज्जत राखली! आन् पोरी, तू लय हुशार. तू तसली न्हाईस हे मला कालच ठाव होतं."

"कालच?" सुकेशनीनं विचारलं. "मग माझे खिसे उलटे करायलते तवा तुमी बोलला का न्हाई, आबा?"

आबा खाकरले. काकूंनी घाईनं करंज्यांची ताटली पुढे केली. सुकेशनीनं हात मागे घेतले.

"काकांनी आमच्या घरी यावं," ती म्हणाली.

वरात निघावी तसे सगळे निघाले. वाटेत निकितानं तिला जवळ ओढलं. "तुला पाहिजे तर पात्र बदल. तुझ्यासाठी मोडते मी नियम."

"न्हाई. चोरच. पण आता बजरंग खड्ड्यात पडला तर दोर माझ्याकडं हाय, सांगून ठेव त्याला."

सिद्धोधन मास्तर दारात आले. काका मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाई," सुकेशनी म्हणाली.

काकांनी आवाज थोडा चढवला.

"गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ द्या. काल गेला होता."

काकांनी आबांकडे बघितलं. आबांनी नजर हलवली नाही. मग काका ओरडले, "सुकेशनीनं चोरी केली न्हाई! मीच खोटं बोललो!"

दारं उघडली. बाया बाहेर आल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, पोरगी किती धीराची! मास्तरांचं नाव काढलं!" मास्तरांनी कौतुकानं तिच्या डोक्याकडे हात नेला.

सुकेशनी एक पाऊल बाजूला सरकली.

"पप्पा, तुमी बी ऐकलं ना?"

मास्तरांचा हात तसाच हवेत राहिला. "ऐकलं," ते म्हणाले, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना.