सेव्ह न केलेली ओळ

खालच्या गावातला लोकेश त्या दुपारी माझ्याकडे चारोळीची पुडी द्यायला आला होता, एवढंच. मागच्या खोलीत चंद्रपूरहून आलेली इंजिनिअर नूतन पुराचा इशारा देणारी पेटी उघडून बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ही वायर जरा धरा ना… हलवू नका."

त्यानं धरली. अर्धा तास. चारोळीची पुडी दुसऱ्या हातात तशीच.

"मॅडम, आता सोडू का?"

"अगं बाई! तुमचं काम तर केव्हाच झालं होतं की…"

मी भामरागडात चाळीस वर्षं नर्स होते. नदीनं पूल कितीदा गिळला, ते मला साल-महिन्यासकट आठवतं. ती दुपारही तशीच आठवते — हसता हसता नूतननं घसरलेला चष्मा मनगटानं वर सारला, आणि लोकेशनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझं घर उंचावर, म्हणून पेटी माझ्याकडे. पाणी पुलाच्या खुणेवर चढलं की ती खालच्या गावातला भोंगा वाजवणार. पण बॅटरी उतरून पेटी एकदा बंद पडली, की परत उठायचीच नाही. नूतननं मला समजावलं होतं. पेटीत आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो कर्नलला, म्हणजे मुख्य प्रोग्रामला, उठवताना सूचनांची एक ओळ देतो. तुझं सामान अमुक मेमरी कार्डावर आहे, वगैरे. कार्ड जागं व्हायला उशीर लावतं आणि कर्नल उतावळा. कार्ड दिसलं नाही की तिथंच आडवा. म्हणून त्या ओळीत तिनं 'रूटवेट' घातलं. कार्ड येईपर्यंत थांब.

पेटी सुरू झाली, नूतन गेली. पंधरा दिवसांनी बॅटरी उतरली आणि पेटी पुन्हा मुकी. नूतन आली, तीच ओळ टाकून गेली. पुन्हा तेच. तोवर पेटीच्या देखभालीचं काम लोकेशला मिळालं होतं.

मे संपता संपता ती तिसऱ्यांदा आली. लोकेश शेजारी बसला.

"मॅडम, पेटीतली हुकमांची यादी वाचली मी."

"बरं… मग?"

"ओळ सेव्ह करायचा हुकूम हाये त्यात. तुमी तं करतच नाई. बॅटरी उतरली का ओळ गायब."

नूतनचे कान लाल झाले. "पहिल्यांदा खरंच विसरले होते रे."

"अन् दुसऱ्यांदा?"

ती की-बोर्डवरची धूळ पुसू लागली. धूळ नव्हतीच… मी चहातली साखर ढवळत राहिले.

"तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तं तुमी कायले आल्या असत्या?" मग तो खाली बघत म्हणाला, "पण आता पाणी येईन. माही माय खालच्या गावात रायते. सेव्ह करून टाका, मॅडम."

"मग मला इथं यायला कारण उरणार नाही."

"मालूम हाये मले."

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. एकेक अक्षर शोधत त्यानं हुकूम टाइप केला. तिनं पेटीची वीज तोडली, पुन्हा जोडली. पडद्यावर ओळी धावल्या, कर्नल थांबला, कार्ड आलं — पेटी आपली आपण उठली. कोणीच हसलं नाही. आलापल्लीची एस.टी. गाठायला ती निघून गेली.

ऑगस्टात नऊ दिवस पूल पाण्याखाली होता. दोनदा बॅटरी उतरली, दोनदा पेटी हात न लावता उठली. भोंगा वेळेवर वाजला, आणि लोकेशची आई कोंबड्यांसकट माझ्या घरी येऊन राहिली.

पूल मोकळा झाला, पहिली एस.टी. आली, आणि तिच्यातून नूतन उतरली. ना लॅपटॉप, ना हत्यारांची पिशवी. नुसती छत्री.

ती माझ्या अंगणात आली तसा लोकेश गडबडला. "मॅडम… पेटी तं चांगली चालू हाये."

"माहीत आहे." छत्री मिटायला तिनं उगाच वेळ लावला. "पेटीसाठी नाही आले मी. आणि मॅडम नाही… नूतन म्हण."

त्यानं तिच्या हातातली छत्री घेतली. मग घराकडे वळून त्यानं हाक दिली, "माय, बाहेर ये वो… नूतन आली."