सावलीकडचा उतार

तुम्ही भुताखेतांचं विचारलंत. माझा त्यांवर विश्वास नाही. मी आयुष्यभर मोजमापं करून पोट भरलेला माणूस. पण सत्त्याहत्तरच्या एप्रिलमधली एक सकाळ सांगतो, मग काय ते तुम्हीच ठरवा.

मी तेव्हा डेहराडूनला नोकरीला होतो. अमेरिकेचा एक उपग्रह दर अठराव्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, हिमालयातल्या त्याच त्या डोंगरांवरून जायचा आणि वरून चित्रं घ्यायचा. त्यांचे फोटो आमच्याकडे यायला महिने लागत. त्यांवर ट्रेसिंग कागद ठेवून बर्फ कुठवर साठतो, कुठला उतार घसरेल, हे पेन्सिलीनं आखायचं, हे माझं काम. त्या नकाशांवरून पलटणींच्या वाटा ठरत. काम गुप्त होतं. घरी मी "सरकारी नकाशे काढतो" एवढंच सांगितलेलं.

कराडजवळच्या आमच्या शेजारच्या गावातून हंबीररावांचं पत्र आलं. त्यांचा मुलगा सिद्धू पलटणीत होता. आदल्या वर्षी फेब्रुवारीत तो बर्फाच्या लोंढ्याखाली गेला, देह काही मिळाला नाही. आता संगमावर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं घरच्यांनी ठरवलं होतं. पण त्याची बायको बनाबाई कुंकू पुसायला तयार नव्हती. तुम्ही त्या मुलखातले नकाशे काढता, येऊन सांगितलंत तर ती ऐकेल, असं लिहून खाली मी यायची तारीख दिली होती.

मी लगेच रजा टाकली. माझी घाई निराळीच होती. तो उतार मीच आखला होता. फोटोत बर्फ पांढरा दिसतो, उघडी जमीन काळी दिसते आणि डोंगराची सावलीही काळीच दिसते. मी सावलीला उघडी जमीन धरलं आणि त्यावर "वाट मोकळी" असं लिहिलं. त्या सावलीत कमरेपेक्षा जास्त बर्फ होता. चूक माझ्या लक्षात आली, तेव्हा मी गुपचूप रबरानं खोडून टाकली. एकदा पुतळा जळाला की कुणी काही विचारणार नाही, असा माझा हिशेब. माणूस किती हलकट होऊ शकतो बघा.

पहिल्या एसटीनं मी नऊला पोहोचलो. उन्हानं घरावरचा पत्रा एवढ्यातच तापला होता. हंबीररावांनी सोप्यात घोंगडं टाकलं, चहा आला. मी सोबत आणलेला त्या डोंगरांचा फोटो पसरला. नुसता काळापांढरा चौकोन, त्यावर ना नाव ना खूण. बनाबाई आतून आली, उभ्यानंच वाकली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हितं."

बोट बरोबर त्या सावलीवर होतं.

"वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येनीच. बोलून न्हाई. बोटानं दावलं हुतं, भुईवर रेघा वडून."

मला पहिला संशय आला तो माणसांचाच. पलटणीतला कोणी येऊन हिला पढवून गेला असणार. माझी चूक बाहेर फुटली असणार.

"घरी कोण येतं?"

"त्येच येत्यात, सकाळच्या पारी. उंबऱ्यात हुबं ऱ्हात्यात आन् जात्यात."

"हे असं चाललंय हिचं," हंबीरराव म्हणाले. "म्हून तर तुमास्नी बोलिवलं, लालासाहेब."

ती भिंतीवरच्या दोन दिनदर्शिका काढून घेऊन आली, गेल्या सालची आणि चालू. काही तारखांवर कुंकवाचे ठिपके होते. मी सहज मोजायला लागलो. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत अठरा दिवस. पुढे पुन्हा अठरा. खिशातल्या डायरीत उपग्रहाच्या फेऱ्यांचं कोष्टक होतं, ते काढून ताडून पाहिलं. एकही तारीख चुकली नव्हती. शेवटचा ठिपका अठरा दिवसांपूर्वीचा होता.

"आबा, मला आजची तारीख कुणी कळवायला सांगितली?" मी हंबीररावांना विचारलं.

"तिनंच. म्हनली, त्याच दिशी बोलवा."

घड्याळात नऊ सत्तावीस झाले होते. मी घाईघाईनं फोटो गुंडाळायला घेतला.

"आबा, सिद्धू गेला. त्यात शंका नको. उद्या उरकून घ्या."

"उरकू. येकच सांगा." म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. "ह्ये आदी कळन्यासारखं हुतं का?"

"नाही. कुणालाच कळलं नसतं."

बनाबाईनं डोक्यावरून पदर घेतला. ती माझ्या खांद्यावरून मागे, उंबऱ्याकडे बघत होती. माझ्या मानेवर गार हवा आली. एप्रिलमध्ये. ओल्या लोकरीचा वास आला. मी मागे वळलो नाही. मला वळवेना.

"भावजी..." ती हळूच म्हणाली. "आज बोलाय लागल्यात त्ये. इचारत्यात... त्यो काळा डाग तुमी काय म्हून धरला?"

"कंचा डाग?" हंबीररावांनी विचारलं.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. माझे दात वाजायला लागले. मग मी सगळं सांगितलं, सावलीचं, पेन्सिलीचं, खोडरबराचं. माझं संपलं, तेव्हा म्हाताऱ्यानं फोटोची गुंडाळी माझ्यापुढे सरकवली.

"माजा ल्योक तुमच्या पेन्शिलीनं गेला म्हना की," ते म्हणाले. "उद्या पुतळा जाळू. तुमी थांबू नगा."

बनाबाईनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. एकदाच, जोर लावून. मला रडू आलं, पण तिथं रडायचा मला काही हक्क नव्हता. मी पिशवी उचलली.

ती दारापर्यंत आली.

"आता हितं न्हाई यायचं त्ये," ती म्हणाली.

"मग... कुठं?"

मला वाट द्यायला ती भिंतीला टेकून बाजूला झाली. मी उंबरा ओलांडून अंगणात आलो, वळून पाहिलं. ती अजून तशीच अंग चोरून, पदर सावरून उभी होती. आणखी एक माणूस बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबली आणि मग तिनं दार लावून घेतलं.