कडेवरचा हात

दाढेत सिमेंट भरून डॉक्टर शर्वरी घाटे स्टुलावरून उठल्या. त्यांची कंबर आपसूक डावीकडे कलली आणि डावा हात कोपरात वाकून हवेतच थांबला.

"मॅडम, कुणाला कडेवर घेताय?" सुगंधाताई हसल्या. दवाखाना उघडला तेव्हापासून त्या इथे मदतनीस होत्या, तेवढा हक्क त्यांना होताच.

शर्वरींनी हात खाली घेतला. ही लकब त्यांची नव्हती. परवा तर एका पेशंटने बाळ झालं समजून चक्क अभिनंदन केलं होतं. अविवाहित बाईबद्दल एवढ्यावरून गावात काय काय बोललं जातं ते सांगायला नको.

शाळेत असल्यापासून त्यांचा कणा एका बाजूला वळलेला. चाळिशीत दुखणं असं वाढलं, की पेशंटच्या तोंडावर वाकताना डोळ्यांत पाणी यायचं. कण्यात सळ्या बसवायचं ऑपरेशन नाहीतर दवाखान्याला कुलूप, एवढंच त्यांना दिसत होतं. मग व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टर बेगांनी त्यांना 'पाठराखीण' दिली. कपड्यांच्या आत घालायची ही पातळ बंडी कणा सरळ करत नसे. भार चुकीच्या बाजूला गेला की ती त्या जागी हलकेच थोपटायची आणि स्नायू हळूहळू शहाणे व्हायचे. तसाच कणा असलेल्या, पण दुखणं ताब्यात ठेवलेल्या कुणा माणसाच्या हालचाली तिच्यात साठवलेल्या असत. बेग याला वळणजुळणी म्हणायचे. शर्वरी आता दिवसभर काम करून घरी स्वयंपाकही करत होत्या.

संध्याकाळी त्या बेगांकडे गेल्या. हाताचं ऐकून बेगांनी पडद्यावर बंडीतल्या नोंदीच्या रेषा बराच वेळ न्याहाळल्या.

"तुमच्या बंडीत ज्यांच्या हालचाली आहेत, त्या मूळ बाईंची ही सवय आहे. शिकवणीबरोबर तीही आली."

"काढता येईल?"

"येईल. पण दुखणं परत येऊ शकतं."

"एका हाताच्या सवयीनं?"

"त्यांच्या मुलाला चालता येत नव्हतं, डॉक्टर. मोठा झाला तरी त्या त्याला कडेवरच न्यायच्या. सुरुवातीला त्याही कळवळायच्या. त्याला पेलता पेलता त्यांची पाठ हे सगळं शिकली. बंडीसाठी नोंद घेतली तेव्हा तो होता. गेल्या वर्षी वारला."

एवढे महिने शर्वरी ज्या आरामात जगत होत्या, तो असा कुणीतरी कमावलेला होता.

"त्यांचं नाव बंडी बनवणारे आम्हालाही कळवत नाहीत," बेग म्हणाले. "पण त्यांचा एक निरोप आहे. कुणी हाताबद्दल विचारलं, तरच ऐकवायचा."

त्यांनी बटण दाबलं. एक थकलेला, प्रेमळ आवाज आला.

"माजी पाठ तुमाला गुण देती म्हनं. लई बरं वाटलं. पोरगं गेलं, पन माजा हात अजून तिकडंच जातो बगा. तुमचा बी जातो का?"

शर्वरींना भरून आलं आणि थोडी भीतीही वाटली. आपल्या अंगात नेमकं किती दुसऱ्याचं आहे, याचा त्यांना अंदाज येईना.

"मग काय करू?" बेगांनी विचारलं. "काढून टाकू?"

शर्वरी खुर्चीतून उठल्या. कंबर डावीकडे कलली, हात वर आला. या वेळी त्यांनी तो अडवला नाही, उलट कोपर थोडं आणखी रुंद केलं.

"केवढा होता हो तो?" त्यांनी विचारलं.