कलंडणे

शब्दानं पर्वत हलतो, अशी पाटी इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत दारावरच होती. मुख्य संपादकांना हलवायला मात्र करवतीचं पातं लागलं.

फौजदार आले तेव्हा संपादकसाहेब कोपर धरून बाहेरच्या बाकावर बसले होते. खोलीला कुलूप, किल्ली मुठीत.

"आत कोण होतं?"

"मी एकटाच, दार लावून. उठलो, कुलूप घातलं, तुम्हाला फोन केला. इथं कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. ज्यानं केलंय त्याची नोकरी खाणार, वर तुरुंगात धाडणार!"

फौजदारांनी एकट्यानंच आत पाहिलं. खुर्ची डाव्या अंगावर आडवी. त्या बाजूचा मागचा पाय मोडलेला. अर्धा मोडलेला, अर्धा सफाईनं कापलेला.

कचेरीत साहेबांखेरीज माणसं तीन. प्रत्येकाला वेगळं बोलावून एकच प्रश्न: "काय झालं?"

सहसंपादक बाई म्हणाल्या, "साहेब आपटले. असा धप्पकन आवाज! माणूस वजनदार, आवाजही तोलामोलाचा."

साहेबांचा भाचा व्यवस्थापक होता. "मामा कोसळले हो! बीपीच्या गोळ्या चुकवतात. आता त्यांनी घरी बसावं, असं आईला कधीचं सांगतोय." बोलताना नजर मामांच्या खोलीवर.

मुद्रितशोधक काकांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "साहेब कलंडले."

फौजदारांनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"बाईंनी कानांनी ऐकलं, म्हणून 'आपटले'. भाचेबुवांच्या मनात होतं, म्हणून 'कोसळले'. पण कलंडतं ते एका बाजूला. होडी कलंडते, घागर कलंडते. बंद दाराआडची खुर्ची एका अंगावर गेली, हे काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

काकांनी पुन्हा चष्मा पुसला.

"अहो काका, नुसतं 'पडले' म्हणायचं होतं ना!" बाई कुजबुजल्या.

"कसं म्हणणार? चुकीचं झालं असतं." काकांनी साहेबांकडे बोट दाखवलं. "'फॉल' शब्दापुढे मी घसरणे, ढासळणे, गळणे, लवंडणे, कलंडणे, सगळं दिलं होतं. यांनी तांबड्या पेन्सिलीनं उडवलं. म्हणे, पडणे पुरे! पडला काय नि कलंडला काय, माणूस खालीच येतो. म्हटलं, फरक समजावून द्यावा."

"समजला?" फौजदारांनी साहेबांना विचारलं.

साहेब कोपर चोळत राहिले.

सही करण्याआधी काकांनी जबाब वाचला आणि दुरुस्तीसाठी तांबडी पेन्सिल मागितली. फौजदारांनी दिली नाही. 'काय झालं' या रकान्यात लिहिलं होतं, 'फिर्यादी पडले.'

रकाना लहान होता.