लाल दोऱ्यापलीकडे

आधीच सांगून ठेवते. गोष्ट मी सांगणार आहे, पण माझं डावीकडचं सुटतं. जे सुटेल ते तो कंसात भरेल, असं आमचं ठरलंय.

(म्हणजे तिने ठरवलंय.)

बघा. झाला सुरू.

मी माणसांचे चेहरे काढते. गेल्या वर्षी, बत्तीस वर्षांची असताना, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, डोळे तर ठणठणीत. गेली ती डावी बाजू. दिसत नाही असं नव्हे… तिकडे काही असेल हेच मनात येत नाही. मी ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचे आणि म्हणायचे, "आई, संपलं." आई मुकाट्याने ताट फिरवायची. ताट पुन्हा भरलेलं. मला वाटायचं, आजारपणात आईची माया उतू चाललीय.

तर — व्यायाम केंद्रातला बाक. मी वहीत चित्र काढत बसलेली. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

(होतं. वीस मिनिटं होतं.)

कुणीतरी खाकरलं.

"मी तीनदा नमस्कार केला तुम्हाला."

"कुठून?"

"इथूनच. डावीकडून."

मी मान वळवली… वळवत राहिले… आणि एक माणूस उगवला. गळ्यात मोजपट्टी.

"मापं घ्यायला आलात?"

"बाबांना व्यायामाला आणलंय. पट्टी काढायची राहिली. शिंपी आहे मी."

"तीनदा नमस्कार करून उत्तर नाही, तरी बसून राहिलात?"

"आखडू वाटलात. पण म्हटलं, बाक काही त्यांच्या एकटीचा नाही."

मी हसले. तोही हसला असावा. मग त्याने वहीत डोकावून अगदी साधेपणाने विचारलं, "सगळे चेहरे अर्धेच का काढता?"

"अर्धे कुठे? पूर्ण आहेत की."

त्याने वही उलटी फिरवली. कागदाचा निम्मा भाग कोरा. एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ. पानामागून पान. तीन महिने आई म्हणत होती, "छान काढलंस हो." मी वही मिटली ती मिटलीच.

(मला कुणी सांगितलं नव्हतं. जीभ हासडावीशी वाटली.)

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा डावीकडेच.

"उजवीकडे बसा ना. दिसाल तरी."

"मग तुम्ही मान कशाला वळवाल?"

"माझ्या मानेवर फार लक्ष आहे तुमचं."

"धंदाच आहे. कॉलरचं माप."

मी वळायचे. दर मंगळवारी जरा लवकर वळायचे. त्याचे बाबा काठी टेकत जाताना म्हणाले, "पोरी, व्यायामाच्या बाई महिनाभर ओरडून थकल्या. आमच्या गाढवाने नुसतं बसून करून दाखवलं."

वही पुन्हा उघडावी असं वाटायला लागलं. पण अर्धा चेहरा काढून करायचं काय? तो म्हणाला, "आम्ही कापड दुमडतो आणि अर्धंच आखतो. उघडलं की पूर्ण."

मग मी त्याचा अर्धा चेहरा काढला, कागद दुमडला, खिडकीच्या काचेवर धरून उरलेला गिरवला आणि त्याला दाखवला. तो बघत राहिला.

"हा कोण?"

"तुम्ही."

"देखणा आहे. पण मी नाही. शर्टाला चालतं हो हे… चेहऱ्याला नाही."

त्याने माझं बोट धरून आपल्या दुसऱ्या भुवईवर ठेवलं. अर्धीच होती. लहानपणी कात्रीवर पडला होता. दोन महिने ज्याच्यासाठी मी केस नीट विंचरून येत होते, त्याचा अर्धा चेहरा मला ठाऊकच नव्हता.

पुढच्या मंगळवारी त्याने शिलाई मशीनवर माझ्या कागदांच्या डाव्या कडेला लाल दोऱ्याची टीप मारून आणली. "लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही."

व्यायाम आटोपल्यावर त्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर, समोरासमोर बसलो. उजवी बाजू नेहमीसारखी सहज होत आली. तोवर डोकं शिणलं.

"डावी पुढच्या मंगळवारी," मी म्हणाले. "हलू नका हं, या बाजूचा गाल तेवढा राहिलाय."

"हललो नाही."

"गाल हलतोय."

"तुम्ही बघताय म्हणून."

पेन्सिल खाली ठेवली. "एक बोलू? तुम्ही डावीकडे असलात की मला वळायला आवडतं. मंगळवार सोडून इतर वारीही… आवडेल."

तो काहीच बोलला नाही. मी वाट बघितली. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग कागद गुंडाळला आणि घरी गेले.

(इथे मी काही लिहीत नाही.)

आठवडा कसा गेला ते आईला विचारा. पण हातातलं चित्र अर्धं सोडवेना. मंगळवारी गेले, बसले. तोही पडलेल्या चेहऱ्याने बसला. मी आधी नुसती नजर नाकापासून डावीकडे नेऊ लागले. नाकपुडी. गाल. ती अर्धी भुवई. कान. लाल दोरा… आणि दोऱ्यापलीकडे, टेबलावर, एक हात. उताणा.

"हा कधी ठेवलात?"

"मागच्या मंगळवारी. तुम्ही विचारलंत तेव्हा."

"मला वाटलं, नाही म्हणालात."

"मला वाटलं, हात बघून उठलात. इतके महिने डावीकडे बसतोय आणि नेमकं तेव्हाच विसरलो."

"आठवडाभर हात इथेच?"

"मधे दोन-चार शर्ट शिवले."

मी माझा हात त्यावर ठेवला. बराच वेळ चित्र पुढे गेलं नाही.

(बाबा आतून म्हणाले, "एक कान काढायला एवढा वेळ?")

चित्राचे दोन भाग काही जुळले नाहीत. उजवीकडचा माणूस वाट बघतोय, डावीकडच्याला उत्तर मिळालंय. पूर्वीची मी असते तर खोडून सारखं केलं असतं. आता सगळेच चेहरे मी असे काढते — दोन बैठकींत, मधे एक आठवडा सोडून. लोक विचारतात, दोन्ही बाजू वेगळ्या का? मी विचारते, आठवड्यात तुमचं काहीच बदललं नाही?

(मग एखादा हळूच सांगायला लागतो, आणि ती पेन्सिल उचलते.)