तीन नंबरच्या टाकीतली प्रवाळं

यंत्र बिघडलं नव्हतं. वीजही गेली नव्हती. चैत्रालीने लिहिलेला प्रोग्रॅम (यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना) एकही चूक न दाखवता चालला होता. पडद्यावर तसं लिहूनच आलं होतं : 'काम पूर्ण.' तरीही तीन नंबरच्या टाकीतली सोळाच्या सोळा प्रवाळं पांढरीफटक पडली होती.

हे घडलं २०५८ साली, मालवणजवळच्या एका छोट्या प्रवाळ-रोपवाटिकेत. समुद्र तापत चालल्यामुळे तिथल्या खडकांवरची प्रवाळं (दगडासारखं घर बांधून राहणारे चिमुकले समुद्रजीव) संपत गेली होती. चैत्रालीच्या आजोबांनी, डॉ. नाबरांनी, सहा वर्षांपूर्वी पाण्यात बुड्या मारून त्यांचे उरलेसुरले तुकडे आणले होते. आता त्या खडकांवर काहीच शिल्लक नव्हतं.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस जाताना आजोबांनी बारा वर्षांच्या नातीवर एक टाकी सोपवली होती. ते परतले आणि टाकीवर वाकून एकेक तुकडा पाहू लागले. ते रागावले असते तर बरं, असं चैत्रालीला वाटलं.

"प्रोग्रॅम मी तपासायला हवा होता," ते एवढंच म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने थंड पाण्याची नळी उघडली. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही; पाणी वेळेत थंड झालं, तर ते वाचूही शकतं.

पुढचे आठ दिवस चैत्राली टाकीकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी आजोबांनीच तिला बोलावलं.

"मला नाही शिकायचं आता," ती दारातूनच म्हणाली. "माझ्यामुळे मेली ती."

"नको शिकूस. पण काय झालं ते तरी बघ. ये, यंत्र हो. मी सूचना वाचतो. लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही नाही."

ती अनिच्छेनेच टाकीजवळ उभी राहिली.

"सूचना पहिली. पाण्याचं तापमान मोज. समज, त्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेत."

"अठ्ठावीस."

"दुसरी. तापमान तीसपेक्षा जास्त असेल, तर थंड पाण्याची नळी उघड."

"जास्त नाहीये." तिने नळीला हात लावला नाही.

"बरोबर. याला म्हणतात अट (खरी ठरली तरच पुढची कृती करायला लावणारी सूचना). आता दुपार झाली. पाणी चौतीसवर गेलंय. काय करशील?"

चैत्रालीचा हात नळीकडे गेला आणि तिथेच थांबला. "सूचना... संपल्या."

आजोबांनी सूचनांचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"म्हणजे यंत्राने सकाळी एकदाच बघितलं," ती हळूहळू म्हणाली. "आणि नंतर दोन दिवस ते नुसतं बसून होतं. मला वाटलं, ते बघत राहील. आपण नसतो का बघत?"

"आपल्याला काळजी असते. त्याला नसते. म्हणून ती सूचनांतून लिहावी लागते."

ती रडली. आजोबांनी तिला रडू दिलं. मग तिने कागद ओढून खाली तिसरी ओळ लिहिली : 'दहा मिनिटं थांब आणि पुन्हा पहिल्या सूचनेकडे जा.'

"हा लूप (त्याच सूचनांची पुन्हा पुन्हा होणारी फेरी)," आजोबा म्हणाले.

या खेपेला सूचनाही तिनेच वाचल्या आणि यंत्रही तीच झाली. चौतीस : नळी उघडली. एकतीस : उघडीच. सत्तावीस, पंचवीस... "अरे देवा, ही बंद कोण करणार? गारठून मरतील." तिने अटीपुढे जोडलं : 'नाहीतर नळी बंद कर.'

तिने तो प्रोग्रॅम आधी रिकाम्या टाकीवर चालवला. कधी गरम, कधी गार पाणी ओतत आठवडाभर तपासला.

तोवर तीन नंबरच्या टाकीतली चौदा प्रवाळं मेली होती. आजोबांनी ती एकेक करून बाहेर काढली. उरलेल्या दोन तुकड्यांच्या कडेला पुसट तपकिरी रंग परतला होता. ते जगतील की नाही, हे आजोबांनाही सांगता येत नव्हतं.

"या टाकीला तुझा प्रोग्रॅम जोडू?" त्यांनी विचारलं.

चैत्राली त्या दोन तुकड्यांवर वाकली.

"आजोबा, तापमान मोजणारा सेन्सरच बंद पडला तर?"

आजोबांनी दुसरी खुर्ची ओढली. "बस. आधी ते लिहू."