कांगकरचे दोन माथे

कांगकर शिखरावर पहिलं पाऊल दादामियाँ आतारांचं पडलं होतं की नव्हतं, एवढं ठरवायला त्यांची मुलगी परवीन पुण्याहून स्पितीला निघाली.

पडलं होतं, असं सदतीस वर्षं सगळे धरून चालले होते. बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करणारे दादामियाँ १९८८ साली एका गिर्यारोहण मंडळाबरोबर तिथे गेले, एका सोबत्यासह दाट धुक्यात माथ्यावर पोचले, उंचीमापकाचा काटा पाहिला आणि उतरले. धुक्यात फोटो निघाला नाही. पुढे आणखी दोन तुकड्या गेल्या. दोन्ही हिमभेगांपासूनच परतल्या. मग उपग्रहाची छायाचित्रं आली आणि त्यांत कांगकरला दोन माथे दिसले. पूर्वेचा ठेंगणा, पश्चिमेचा ६१९२ मीटरचा. मंडळानं जुन्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

"टाकू देत," दादामियाँ म्हणाले. "पुण्यात प्रश्नचिन्हांचा तुटवडा कधीच नव्हता." पण त्या दिवसापासून त्यांनी घरात डोंगराचा विषय काढला नाही. परवीनला ते जास्त लागलं.

ती कोथरूडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. बरोबर होता तिचा जुना विद्यार्थी अभिनव, आता संगणकावर काम करणारा आणि बर्फावर तिच्याहून चपळ. तिसरा दोरजे, पायथ्याच्या गावचा वाटाड्या. तिघांनी बारा दिवस सामान वर चढवलं. आधी दगडगोट्यांचा उतार, मग हिमनदीची करडी जीभ, मग ५६०० मीटरवर, हिमभेगांच्या वर, एका सपाटीवर शेवटचा तळ. रोज सकाळी परवीन वहीत तपमान लिहायची, दाब लिहायची आणि उंचीमापकाचा काटा तळाच्या खऱ्या उंचीवर आणून ठेवायची.

"मॅडम, इथेही प्रॅक्टिकल?" अभिनव विचारायचा.

"तुझं अपुरं राहिलं होतं. पूर्ण करून घेतेय."

तेराव्या दिवशी पहाटे चारला ते निघाले. बर्फ कडक होता, बुटांचे काटे छान धरत होते. साडेदहाला धार संपली आणि ते एका घुमटासारख्या माथ्यावर आले. समोर, अरुंद धारेपलीकडे, दुसरा माथा उभा होता. स्पष्ट. अधिक उंच!

म्हणजे हा पूर्वेचा. पायाशी दगडांची एक लहान रास होती. दोरजेनं वरचे दोन दगड हलवले. खाली पत्र्याचा डबा होता, घड्याळाचे सुटे भाग ठेवतात तसला. परवीननं हातमोजा काढून झाकण उघडलं. आत अब्बांचं बारीक, सरळ अक्षर.

"२ सप्टेंबर १९८८. धुकं. उंचीमापक गावात लावून त्याच्या स्क्रूवर लाख ओतली, म्हणजे वाटेत कुणी फिरवणार नाही. इथे काटा ६१९० वर. शिखर."

तिनं ते दोनदा वाचलं. घड्याळजीची सवय! एकदा बरोबर लावलेल्या यंत्राला कुणी हात लावू नये. घड्याळाला ते ठीक; पण उंचीमापक खरं तर उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतो. वादळ यायला लागलं की दाब उतरतो आणि काटा जागच्या जागी वर चढतो. म्हणून तो मुक्कामामुक्कामाला नव्यानं लावायचा. अब्बांनी ती सोयच बंद केली होती.

"इथली उंची ६१२०," अभिनव हातातल्या उपग्रह यंत्रावर पाहून म्हणाला. "म्हणजे पलीकडे अजून कुणीच गेलेलं नाही! मॅडम, फक्त बहात्तर मीटर! तुमच्या घरातलंच काम आहे, तुम्हीच पुरं करा."

तिलाही तेच हवं होतं. फार हवं होतं. तिनं पलीकडच्या माथ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या उंचीमापकाकडे. आले तेव्हा काटा ६१४० वर होता. आता ६१५०. वीस मिनिटं ते एकाच जागी उभे होते!

दोरजे धारेवरच्या बर्फात काठी खुपसून परतला. "खोखला है, मॅडमजी."

"जाऊन यायला किती वेळ?"

"दो घंटे."

"तेवढा नाही आपल्याकडे," परवीन म्हणाली. "उतरायचं."

"समोर दिसतंय की!"

"दिसतंय. उतर, अभिनव."

कागद खिशात घालून तिनं पाठ फिरवली. तास झाला नाही तोच पश्चिमेचा माथा ढगात गेला. मग वारा आला. मग बर्फ. चढतानाचे ठसे बुजले. तळ न गुंडाळताच ते खाली निघाले. पुढे दोरजे, मध्ये अभिनव, शेवटी परवीन, एकाच दोरावर. हिमभेगांपाशी दोरजे बर्फाच्या पुलावरून पार झाला. अभिनवनं पाऊल टाकलं आणि पूल बसला!

दोराला हिसका बसला. परवीन पालथी पडली, घसरली, तिनं हातातल्या बर्फकुऱ्हाडीचं टोक खाली रोवलं. थांबली! पलीकडे दोरजेही पोटावर आडवा होता.

"अभिनव!"

"आहे!" भेगेतून आवाज आला. "लटकतोय!"

त्याला वर काढायला पाऊण तास लागला. संध्याकाळी सहाला ते खालच्या तळावर पोचले, तेव्हा तिची दोन बोटं हिमदंशानं पांढरी पडली होती.

पुण्यात परतल्यावर ती थेट दुकानात गेली आणि "पूर्वेच्या माथ्यावर मिळाला," म्हणत तिनं तो कागद पुढे केला. दादामियाँनी डोळ्याचं भिंग काढलं, कागद वाचला.

"किती कमी पडलं?"

"बहात्तर मीटर, अब्बा."

"आणि तू?"

"मीही तिथूनच फिरले. काटा चढत होता."

त्यांनी कागदाची घडी घातली. "आमचाही चढतच होता," ते म्हणाले. "तो बिचारा पळा म्हणून ओरडत होता. आम्हाला वाटलं, अभिनंदन करतोय."

मग त्यांनी मंडळाला फोन लावला.

"दादामियाँ आतार बोलतोय. कांगकरपुढचं ते प्रश्नचिन्ह खोडा... नाही, नाही, ऐकून घ्या. लिहा, आम्ही पूर्वेच्या माथ्यावर गेलो. पश्चिमेच्या माथ्यावर अजून कुणीही गेलेलं नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी परवीनच्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं.

"पुरावा? आहे ना. माझ्याच अक्षरात."